मशीन चालू झाली की टेंपरेचर कंट्रोलरचा आकडा उड्या मारतो, मधेच रीसेट होतो. कंट्रोलर बदलू का?

बदलू नका, निदान लगेच तरी नको. तुमचा प्रश्न वाचला आणि गोव्यातल्या कुंडईची ती पॅकिंग मशीन आठवून माझं डोकं परत तापलं.

सीलिंग जॉवर (पाकीट गरम दाबून चिकटवणारा जबडा) के टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर, होता. तीन महिन्यांत तीन कंट्रोलर बदलले. पॅनलवाला दर वेळी येऊन एकच सांगायचा, कंट्रोलर खराब, आणि मालक त्याचंच ऐकायचे कारण तो इंजिनियर आणि मी आयटीआयवाला. शेवटी एका शनिवारी शिफ्ट सुटल्यावर मी एकटाच पॅनल उघडून बसलो. हीटरचा एमसीबी पाडला (हे विसरू नका, नाहीतर कंट्रोलर हीट मागतच राहतो आणि जॉ जळतो), थर्मोकपलच्या वायरी काढल्या आणि इनपुटच्या दोन टर्मिनलमधे वायरचा तुकडा लावून शॉर्ट केलं. असं केलं की आकडा टर्मिनलजवळचं तापमान दाखवतो, ३४ आलं. मग मोटर चालू केली, आकडा जागचा हलला नाही. वायरी परत जोडल्या तर लगेच उड्या. म्हणजे कचरा सिग्नल वायरीतून येत होता, आणि ती वायर ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणारा डबा) मोटर केबलसोबत एकाच डक्टमधून गेलेली! के टाइप एका डिग्रीला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतो, एक मिलिव्होल्ट घुसला की २४ डिग्री गेलीच.

रीसेटचं कारण वेगळं निघालं. सेट पॉइंट (कंट्रोलरला दिलेलं तापमान) वरखाली करून कॉन्टॅक्टर, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा मोठा रिले, मुद्दाम पाडत राहिलो, तो पडला की डिस्प्ले लुकलुकायचा. त्याच्या कॉइलवर स्नबरच (बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका शोषणारी जोडी) नव्हता. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (थेट मेन्सवर चालणारा) कपॅसिटर सिरीजमधे, कॉइलच्या दोन टोकांवर लावला आणि लुकलुकणं थांबलं. कंट्रोलरच्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावू नका, २३० व्होल्टला त्यातून कॉन्टॅक्ट उघडा असतानाही ७ मिलिअँपिअर वाहतात आणि पुढे छोटा रिले जोडलेला असेल तर तो मग सुटतच नाही.

आणि शिल्ड, म्हणजे थर्मोकपलच्या वायरीवरची धातूची जाळी. पॅनलवाल्याने तिची दोन्ही टोकं अर्थिंगला जोडलेली, म्हणे जास्त सेफ. साफ चूक. दोन अर्थिंगमधे व्होल्टेजचा फरक असला की शिल्डमधूनच करंट फिरतो. मी मशीनकडचं टोक सोडवून टेप मारली, थर्मोकपलची वायर वेगळ्या पाइपातून नेली. त्यानंतर एकही कंट्रोलर गेला नाही. आधी काढून टाकलेले तिन्ही मी टेबलावर लावून बघितले, तिन्ही ठणठणीत, त्यातला एक आज डिचोलीला काजूच्या ड्रायरवर चालतोय.

हां, एक टोक अर्थ हे सेन्सरच्या वायरीचं बोलतोय, ड्राइव्हच्या मोटर केबलचं शिल्ड दोन्हीकडे जोडायचं. आणि थर्मोकपलचं टोक आतून बॉडीला चिकटलेलं असेल तर शिल्ड सेन्सरकडेच अर्थ करा. आपल्याकडे चिऱ्याच्या जमिनीत मे महिन्यात अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) कोरडा पडतो, तोही मोजून घ्या.

शॉर्ट करून आकडा हलतो की नाही तेवढं आधी कळवा.