‘ऑल अबाउट ईव्ह’ पहिल्यांदा बघताय? मग हे ऐका

संवाद भराभर येतात, तेव्हा घाई करू नका. १९५० चा हा चित्रपट मार्गो ही नामवंत रंगभूमी-अभिनेत्री साकारणाऱ्या बेटी डेव्हिससाठी बघाच, पण पहिल्या खेपेला नजर तिची चाहती ईव्ह झालेल्या ॲन बॅक्स्टरवर ठेवा. मार्गोचा पोशाख अंगाला लावून ईव्ह आरशासमोर प्रेक्षकांना करावं तसं अभिवादन करते, तिथे थांबा, मागे जा, पुन्हा बघा. तिची सगळी भूक त्या एका लवण्यात दिसते! मार्गोची मदतनीस बर्डी हिच्याकडेही लक्ष असू द्या. ईव्हचा संशय तिलाच आधी येतो. चौदा ऑस्कर नामांकनं, सहा पुरस्कार; पण डेव्हिस आणि बॅक्स्टर दोघीही प्रमुख अभिनेत्रीच्या नामांकनात होत्या आणि दोघींनाही तो मिळाला नाही, याची मला आजही हळहळ वाटते. शेवटचा आरसा चुकवू नका.