कुत्रा पाळण्यास संस्था बंदी घालू शकते का?

प्रश्न : सांगलीतील विश्रामबाग येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेने बहुमताने कुत्री पाळण्यास बंदी घातली असून लिफ्टही नाकारली आहे. कुत्रा सोडून द्यावा का?

उत्तर : कृपया मुळीच सोडू नका. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताने ठराव झाला किंवा उपविधी बदलले तरी अशी सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. हे समितीला लेखी कळवून पोच घ्यावी. मात्र शेजाऱ्यांची भीतीही खरी असते, म्हणून रेबीजची लस वेळेवर द्यावी, बाहेर नेताना साखळी हातात असावी आणि विष्ठा स्वतः उचलावी.