दोन जिवांची म्हणून दुप्पट जेवावे का?

प्रश्न : मला चौथा महिना सुरू आहे. उंची पाच फूट दोन इंच आणि वजन गरोदरपणाआधीच 78 किलो होते. सासूबाई रोज साजूक तुपातला डिंकाचा लाडू देतात, तर मैत्रीण रात्रीचे जेवण सोडायला सांगते. काय करू?

उत्तर : दोन्ही टाळा. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) 31च्या पुढे असल्याने संपूर्ण गरोदरपणात साधारण 5 ते 9 किलो वजन वाढणे पुरेसे मानले जाते. मात्र वजन उतरवण्यासाठी उपाशी राहण्याची ही वेळ नव्हे, कारण बाळाच्या वाढीला प्रथिने, लोह आणि कॅल्शियम रोज लागते. सासूबाईंचा लाडू मायेचा असला, तरी तो बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवावा, तोही बेताने. ताटात भात एक वाटीच घ्या, ज्वारीच्या भाकरीबरोबर घट्ट वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी आणि ताक असू द्या. संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी-बिस्किटे सोडून मूठभर फुटाणे खा. पपईची भीती घालणाऱ्या शेजारणी फरसाणाबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत!

डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल, तर रोज अर्धा तास, बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. जादा वजनामुळे गर्भावस्थेतील मधुमेह आणि रक्तदाब यांची शक्यता वाढते, म्हणून 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी अजून झाली नसेल तर आताच करून घ्या आणि ती निर्दोष आली तरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करा. सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे.