पुस्तक निवडताना पिठल्याचं पान उघडा

प्रश्न : मी अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. सिडकोत एकटाच खोली घेऊन राहतो. मेसचा डबा बंद करून घरीच स्वयंपाक करायचं ठरवलंय. मोबाइलवर व्हिडिओ बघत करताना पिठाच्या हातांनी तो सारखा थांबवावा लागतो. घरात ठेवण्याजोगी पाककृतींची मराठी पुस्तकं सांगाल का? दोन-तीनच सांगा, परवडणारी. – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्हाला आधी एकच पुरे. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ घ्या. १९७० मध्ये आलेलं पुस्तक अजून विकलं जातंय, ते उगीच नाही. त्यात मापं वाटी-चमच्याची आहेत, वजनकाटा लागत नाही. भांडी बाजारातून स्टीलची एक वाटी आणा आणि ती फक्त मापालाच ठेवा. तिच्यातून चटणी खायची नाही! वाटी लहान-मोठी असली तरी बिघडत नाही, सगळं त्याच वाटीने मोजलं की प्रमाण जुळतं.

दुसरं, मंगला बर्वे यांचं ‘अन्नपूर्णा’. तेही चांगलंच आहे, पण दोन्ही एकदम नकोत. पहिल्याची पानं तेलकट होऊ द्या, मग बघू.

दुकानात पुस्तक चाळताना पुरणपोळीचा फोटो बघू नका. पिठल्याचं पान काढा. वाटीभर डाळीच्या पिठाला पाणी किती, हे लिहिलंय का? मी तीन ते साडेतीन वाट्या घालते. ‘पाणी अंदाजाने’ असं लिहिलं असेल तर पुस्तक परत फळीवर. अंदाज असता तर पुस्तक कशाला घेतलं असतं?

‘गृहिणी-मित्र’ आणि सारस्वत महिला समाजाचं ‘रसचंद्रिका’ ही जुनी पुस्तकं मला फार आवडतात, पण ती विकत घेऊ नका. पहिल्याच्या काळात शेर-तोळ्यांची मापं होती. दुसरं रोज ओला नारळ फोडणाऱ्या घरातलं. शिफ्ट करून आलेल्या माणसाला रात्री नऊला नारळ कोण खवून देणार? आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. तिथे चौकशी करा, मिळाली तर रविवारी निवांत वाचा. दुर्गाबाई भागवतांचं ‘खमंग’ही तसंच वाचायचं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. ‘रुचिरा’त रमलात तरी गोडा मसाला आणि चिंचगुळाच्या आमटीवर नाशिकच्या जिभेचं भागत नाही. आपल्याला काळा मसाला लागतो, शेवेची भाजी लागते. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, लसूण-आल्याबरोबर बारीक वाटायचं आणि तेल सुटेपर्यंत परतायचं. हे घरमालकीणबाईंकडून शिका. उन्हाळ्यात मिरची कांडपाला जाणाऱ्या बायकांना मसाल्याचं प्रमाण विचारलंत तर त्या हात न आखडता सांगतील. ते पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेनाने लिहा, पेन्सिल पुसली जाते.

आणि घोटीचा नवा इंद्रायणी आणलात तर एका वाटीला दोन वाट्या पाणी घालू नका, गिचका होईल. नवा तांदूळ पाणी कमी पितो. पावणेदोन वाट्या पुरतात.