जुन्या कारखान्यांतलं लाकूड-लोखंड वापरून किचनची कपाटं करावीत का? खर्च किती येतो? टिकतात का?

करावीत. पण नुसता ‘इंडस्ट्रियल लुक’ हवा असेल तर या भानगडीत पडू नका. गंजल्यासारखा दिसणारा सनमायका मिळतो, तो चिकटवा आणि मोकळे व्हा.

हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवलं नाही, कारण २००८ साली डोंबिवलीच्या घरात मी हाच उद्योग केला आणि त्यावरून मेव्हण्याशी वाजलं. त्याचा मॉड्युलर किचनचा धंदा. त्याचं एकच पालुपद, “भावोजी, भंगार घरात आणताय, सोबत वाळवी येईल.”

माझे वडील, नाना, परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, होते. १८ जानेवारी १९८२ला संपावर बाहेर पडले ते पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. (संप रीतसर मागे कुणी घेतलाच नाही, त्यामुळे नाना शेवटपर्यंत स्वतःला संपावरच समजायचे.) १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली, हळूहळू छपरं उतरली आणि त्यांतला ब्रह्मी साग जुन्या लाकडाच्या वखारींत येऊन पडला. तसले दोन तुकडे मी घेतले. आठ बाय दहा इंची, नऊ फुटी, म्हणजे बरोबर दहा घनफूट.

मेव्हण्याची पुढची शंका, “गिरणीचंच कशावरून? कुठल्या तरी वाड्याची तुळई असेल.” वखारवाल्याकडे कसला आलाय कागद! टेम्पो आला तेव्हा नाना जिना उतरून खाली आले. एका तुळईला रांगेत चार आरपार भोकं होती, कडा तेलाने काळ्या. त्यांनी भोकात करंगळी फिरवली, नाकाशी नेली आणि म्हणाले, “शाफ्टिंगच्या ब्रॅकेटचे बोल्ट. आमच्या वेळी साच्यांना मोटरी लागल्या होत्या, पण वरची भोकं तशीच होती.” (पूर्वी छताखालच्या एका लांब फिरत्या दांड्यावरून, म्हणजे शाफ्टिंगवरून, पट्ट्यांनी सगळे साचे चालायचे.) मेव्हण्याकडे न बघता नाना वर निघून गेले.

तर कामाचं. चुंबक फिरवून दोन दिवस खिळे उपटले, तरी एक आत राहिलाच. सॉ मिलच्या पात्याचे दात गेले, भरपाई मी दिली. दहा घनफुटांतून कामाचं सहाच निघालं, हा हिशेब आधीच धरा. दारं अखंड फळीची करू नका. साल-कूस सांध्याची (एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या भोकात) चौकट आणि मधे खाचेत बसवलेलं पॅनल करा, आणि पॅनलला फेविकॉलचा थेंबही लावू देऊ नका. आमच्या मिस्त्रीने सवयीने दोन दारांत लावला. काम ऐन पावसाळ्यातलं, मे महिन्यात लाकूड आकसलं आणि दोन्ही पॅनलं उभी तडकली. दोन बाय अडीच फुटांचं दार पाच-सहा किलो भरतं, तेव्हा बिजागऱ्या तीन.

भोकांच्या फळ्या मिस्त्री बुजवायला निघाला होता. मी त्या सिंकखालच्या दाराला लावल्या. हवा खेळते, कुबट वास येत नाही. हौसेने बॉबिनची, म्हणजे गिरणीतल्या सुताच्या रिळांची, हँडलंही बसवली होती, ती बायकोने दोन महिन्यांत काढायला लावली. कणकेचा हात लागला की खाचांत पीठ अडकायचं. तिचं बरोबर होतं.

आता मेव्हण्याचं जे बरोबर होतं तेही सांगतो. आतले खण सागाचे नाहीत, आयएस ७१० दर्जाचं, पाण्याला टिकणारं मरीन प्लाय आहे. आणि वाळवीचं म्हणाल तर जुन्या सागाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही, पण कडेचा पांढरा भाग खाते. तो काढूनच टाकायचा.

हे खरं तर वरच लिहायला हवं होतं: रेल्वेचे लाकडी स्लीपर कितीही स्वस्त मिळाले तरी स्वयंपाकघरात नकोत, त्यांना क्रिओसोट (कोळशाच्या डांबराचं विषारी तेल) पाजलेलं असू शकतं. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे शोभेलाही आणू नका, ॲस्बेस्टॉस असतं. लोखंडाचा मला अनुभव बेताचाच. ओट्याखाली अँगलची घोडी आहे, रेडऑक्साइड मारूनही सिंककडचा पाय गंजलाय.

खर्च विचारलात. तेव्हाचे भाव आज सांगून उपयोग नाही, पण मजुरी लाकडाइतकीच गेली आणि मेव्हण्याच्या कोटेशनच्या सव्वापट पडलं. त्याने त्याच वर्षी स्वतःच्या घरी पार्टिकल बोर्डाचं किचन केलं. गेल्या पावसाळ्यात त्याच्या सिंकखालचं दार बिजागरीसकट हातात आलं, बोर्ड फुगून स्क्रू धरेना. फोन मला केला. उरलेल्या सागाची एक पट्टी घेऊन गेलो आणि आतून मारून दिली.