पाड्यावर समुपदेशनाला जाण्याआधी

सप्रेम नमस्कार,

शहापूरच्या आश्रमशाळा आणि येऊरचे पाडे तुझ्याकडे आल्याचं कळलं. काही कामाच्या गोष्टी लिहून ठेवाव्यात असं वाटलं.

'सांस्कृतिक सुरक्षितता' ही मांडणी न्यूझीलंडमधल्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांची. १९९२ साली तिथल्या नर्सिंग कौन्सिलने ती प्रशिक्षणात घेतली. सेवा सुरक्षित होती की नाही हा निकाल त्यात सेवा घेणाऱ्याचा असतो. तेव्हा खोलीत वारली चित्रं लावून काही साधत नाही. मुलगी दुसऱ्यांदा आपणहून आली का, एवढं बघ.

आश्रमशाळेत पहिली गडबड बोलावण्यातच होते. प्रार्थनेच्या रांगेतून एकाच मुलाचं नाव पुकारलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या वसतिगृहात तो 'मेंटल' ठरतो. त्यापेक्षा सगळ्या वर्गाची आरोग्य तपासणी लाव: वजन, उंची, हिमोग्लोबिन, आणि त्यातच प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलणं. हिमोग्लोबिन नुसतं निमित्त नव्हे. रक्त कमी असलेली मुलगीही गळून जाते, वर्गात झोपते, आणि आपण तिला उदास ठरवून मोकळे होतो. पाड्यावर तर कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू जातं. लोकांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी बस, शेताच्या बांधावर किंवा शाळेच्या व्हरांड्यात. समोर खुर्ची टाकून डोळ्यांत बघत विचारलं की पोलीस चौकशी वाटते. शेजारी बसून विचार.

गुप्ततेची हद्द पहिल्या प्रश्नाच्या आधी सांग. जिवाला धोका दिसला तर तू गप्प राहू शकत नाहीस. अठरा वर्षांखालच्यांच्या लैंगिक संबंधाची माहिती मिळाली तर पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, आणि त्यात दोघांच्या मर्जीचं प्रेमही येतं. सोळा-सतराव्या वर्षी जोडीने राहू लागलेली मुलं तुला भेटतील. त्यांना हे आधी ठाऊक नसलं आणि तुझ्याशी बोलल्यामुळे घरी पोलीस आले, तर त्या पाड्यावर पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.

पीएचक्यू-९ ची, म्हणजे नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांची, प्रश्नावली हातात देऊ नको, तोंडी विचार. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतात; ते मोजायला मागचे दोन आठवडी बाजार सोयीचे. उत्तरं बहुधा शरीराची येतील: डोकं जड, छातीत धडधड, जेवण जात नाही. ती तक्रार म्हणून लिही, टाळाटाळ म्हणून नव्हे. २७ पैकी १० किंवा जास्त गुण म्हणजे पुढची तपासणी हवी, निदान झालं असं नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी थांब. काही ठरवलंय का विचार, घरात फवारणीचं औषध कुठे ठेवतात तेही विचार, आणि ते कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी जाईपर्यंत उठू नको. विचारल्याने तसले विचार डोक्यात भरत नाहीत.

अंगात येणं म्हणजे आजार नव्हे. देवाच्या कामात, ठरलेल्या वेळी येतं आणि माणसं सांभाळून घेतात, तिथे तुझं काम नाही. चुलीपाशी किंवा विहिरीवर अचानक पडणं, जीभ चावली जाणं, कपड्यात लघवी होणं, नंतर गुंगी, ही फिट असू शकते, डॉक्टरकडे ने. भगताकडे गेलात का हे तोंड वाकडं न करता विचार. विधीही चालू दे, गोळीही. चटके, मारहाण किंवा गोळी बंद करायचा सल्ला असेल तरच आडवं जा.

कॉलेजसाठी कल्याणला, वाशीला आलेला मुलगा रात्र रात्र जागत असेल तर आधी विचार: जमातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी (पडताळणी प्रमाणपत्र) आली का, डीबीटीचे (थेट खात्यात येणारे सरकारी) पैसे पडले का, रूममेट 'कोट्यातला' म्हणतात का. कोकण विभागाची पडताळणी समिती ठाण्यातच आहे. त्रुटीचं पत्र घेऊन त्याच्यासोबत तिथे जाणं हाही उपचार; श्वासाचे व्यायाम नंतर.

'ठाण्याला नेऊ' असं अर्धवट बोलू नको. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, आणि ठाणे म्हणजे वेड्यांचं इस्पितळ हे लोकांच्या तोंडी बसलंय. पूर्ण सांग: फक्त ओपीडीत दाखवायचं, आसनगावहून सकाळची लोकल, संध्याकाळी घरी, सोबत कोण. केसपेपरच्या खिडकीवर कुणी खेकसलं की माणूस तिथूनच परत फिरतो, म्हणून पहिल्यांदा तू बरोबर जा.

फ्लुओक्सेटिनसारख्या नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तरुण वयात सुरुवातीला बेचैनी, मरणाचे विचार वाढू शकतात; पहिला महिना दर आठवड्याला भेट. अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. डॉक्टरांना हे ठाऊक नसलं की मध्येच गोळी सुटते आणि केसपेपरवर 'रुग्णाचं सहकार्य नाही' असा शेरा पडतो. निघण्याआधी भट्टीचं गाव आणि नातेवाइकाचा नंबर घे (मुकादमाचा नको), गोळीचं नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी दे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो. पण फोन बापाच्या खिशात असतो. कुणाच्या फोनवरून, कधी करायचा हे मुलासोबत बसून ठरव.

पहिल्या महिन्याच्या नोंदी पाठव, नावं गाळून.

कळावे.