मूर्तीसमोर उभं राहण्याआधी

देवीची शिल्पं बघायला लागलायस, तर आधी दुर्गा सप्तशतीचा, म्हणजे देवीच्या युद्धकथा सांगणाऱ्या संस्कृत ग्रंथाचा, तिसरा अध्याय वाच. अर्थासकट वाच, नुसता पाठ नको. देवी महिषावर, म्हणजे रेड्याचं रूप घेतलेल्या असुरावर, चढते, पायाने त्याचा कंठ दाबते, शूल मारते आणि तो स्वतःच्याच तोंडातून अर्धा बाहेर येतो. रेड्याच्या धडातून डोकावणारा माणूस कितीतरी मूर्तींत दिसेल. तो हाच क्षण. महाबलीपुरमला मात्र युद्ध अजून चालू आहे: सिंहारूढ देवी धनुष्य ताणतेय, महिषाला माणसाचं धड अन् रेड्याचं डोकं. शिल्पकाराने कुठला क्षण निवडला, हे आधी शोध.

मग हात मोज, आयुधं खालच्या उजव्या हातापासून टिपून घे. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), गदा, ढाल, पानपात्र आणि मस्तकी नाग. सप्तशतीला शेवटी जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्या’तल्या वर्णनाशी ताडून बघ, मजा येते.

नावांवर भिस्त ठेवू नकोस. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या दुर्ग मंदिराचं नाव किल्ल्यावरून पडलंय, दुर्गेवरून नव्हे. (मीही फसलो होतो!) वास्तू नंतर बघ, पण ओडिशातल्या हिरापूरचं चौसष्ट योगिनींचं (देवीच्या परिवारातल्या शक्तींचं) गोल, बिनछपराचं देऊळ चुकवू नकोस.